४२९४९६७२९७ : एका दहा अंकी संख्येची उलटतपासणी

आपल्या पद्धतीने स्वल्पविराम दिले तर ही संख्या होते ४,२९,४९,६७,२९७, म्हणजे चार अब्ज एकोणतीस कोटी एकोणपन्नास लाख सदुसष्ट हजार दोनशे सत्त्याण्णव. ही मूळ संख्या आहे का? नसेल तर तिचे अवयव कोणते, विभाजक किती, दोन वर्गांच्या बेरजेत ती मांडता येते का? हे सगळं वही, पेन आणि साधा कॅल्क्युलेटर घेऊन एका संध्याकाळी काढता येतं. कॅल्क्युलेटर मात्र बारा आकडी घ्या, दुकानाच्या गल्ल्यावर असतो तसला, आणि त्यावर वर्गमूळाचं बटण आहे ना ते बघून घ्या. आठ आकडी असेल तर संख्या पडद्यावर मावणारच नाही.

संगणकाला विचारलं तर एका ओळीत उत्तर मिळतं, हे मलाही ठाऊक आहे. पण ते कुठून आलं ते कळत नाही, आणि त्याहून मोठी संख्या समोर आली की पुन्हा त्याच्याच तोंडाकडे बघावं लागतं. इथे वापरलेल्या युक्त्या पुढच्या संख्येलाही चालतात. शेवटी एक चालवून दाखवतो.

पायरी १ : शाळेतल्या कसोट्या

शेवटचा अंक ७. म्हणजे २ आणि ५ बाद. शिवाय पूर्ण वर्गाचा शेवटचा अंक ०, १, ४, ५, ६ किंवा ९ असतो, त्यामुळे ही संख्या पूर्ण वर्ग नाही हेही फुकटात कळलं. शेवटचे दोन अंक ९७. त्यांना ४ ने भागल्यावर बाकी १. ही बाकी वहीत लिहून ठेवा, पुढे लागेल.

अंकांची बेरीज करा: ४ + २ + ९ + ४ + ९ + ६ + ७ + २ + ९ + ७ = ५९. तिला ३ ने भाग जात नाही, म्हणजे संख्येलाही जात नाही. ५९ ला ९ ने भागल्यावर बाकी ५. हीसुद्धा टिपून ठेवा, ताळा पाहायला उपयोगी पडेल.

७, ११ आणि १३ साठी तीन वेगळ्या कसोट्या पाठ करायची गरज नाही. ७ × ११ × १३ = १००१, त्यामुळे तिघांचं काम एकदमच होतं. लाख-कोटीचे स्वल्पविराम क्षणभर विसरा आणि उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट पाडा: ४ | २९४ | ९६७ | २९७. आता उजवीकडून एकाआड एक अधिक-उणे करा: २९७ − ९६७ + २९४ − ४ = −३८०. उण्याचं चिन्ह सोडा आणि फक्त ३८० तपासा. ७ ने भागल्यावर बाकी २, ११ ने भागल्यावर ६, १३ ने भागल्यावर ३. तिघंही बाद.

पायरी २ : वर्गमूळ काढा आणि पडद्याकडे नीट बघा

संयुक्त संख्येचा निदान एक मूळ अवयव तिच्या वर्गमूळापेक्षा मोठा नसतो, म्हणून शोध कुठवर घ्यायचा हे वर्गमूळ सांगतं. बटण दाबलं की दिसतं ६५५३६.०००००७६.

बहुतेक जण इथे "बरं, ६५५३६ पर्यंत शोधायचं" म्हणून पुढे जातात. तेवढ्या टप्प्यात ६५४२ मूळ संख्या आहेत. एकेका भागाकाराला एक मिनिट धरलं तरी १०९ तास होतात. थांबा आणि दशांशचिन्हानंतरची ती पाच शून्यं बघा. वर्गमूळ पूर्णांकाला इतकं चिकटून येतं तेव्हा संख्या एखाद्या पूर्ण वर्गाच्या अगदी शेजारी असते. ६५५३६ चा वर्ग करा: ४२९४९६७२९६. आपली संख्या त्याहून फक्त एकाने मोठी.

कुठलीही मोठी संख्या हातात आली की तिच्या आजूबाजूच्या दोघांकडे आधी बघायचं, ही सवय मला फार उशिरा लागली. इथे खालच्या शेजाऱ्यावर, म्हणजे ४२९४९६७२९६ वर, वर्गमूळाचं बटण दाबत राहा: ६५५३६, मग २५६, मग १६, मग ४, मग २. पाच वेळा दाबलं आणि थेट दोनावर आलो. म्हणजे तो शेजारी २ चा ३२वा घात आहे आणि आपली संख्या २ चा ३२वा घात अधिक १.

या आकाराला नाव आहे: फर्मा संख्या. २ च्या घातांकात १, २, ४, ८, १६ असे आकडे घालून १ मिळवला की ३, ५, १७, २५७ आणि ६५५३७ मिळतात, आणि या पाचही मूळ संख्या आहेत. तुलूजमध्ये न्यायखात्यात नोकरी करणारा आणि उरलेल्या वेळात गणित करणारा पिएर द फर्मा १६४० मध्ये पत्रांतून लिहीत होता की अशा सगळ्याच संख्या मूळ असाव्यात. सिद्धता आपल्याकडे नाही हेही तो कबूल करत होता. रांगेतली सहावी संख्या म्हणजे आपली. गोल्डबाख या गणितज्ञाने १७२९ मध्ये ऑयलर या तरुण गणितज्ञाला या दाव्याची आठवण करून दिली, आणि १७३२ मध्ये पंचविशीतल्या ऑयलरने तो मोडला.

पायरी ३ : उमेदवारांची चाळणी

६५४२ पैकी बहुतेक मूळ संख्यांना दारातूनच परत पाठवता येतं. त्यामागचा विचार असा. समजा एखादी मूळ संख्या ४२९४९६७२९७ ला नि:शेष भागते. मग तिने २ च्या ३२व्या घाताला भागल्यावर "उणे १" उरतो. वर्ग केला की उणे गेला: ६४व्या घाताला बाकी १. याचा अर्थ २ चे घात एकामागून एक घेत गेलं तर बाक्यांचं चक्र ६४ पावलांत पूर्ण होतं. त्याआधी होऊ शकत नाही, कारण ६४ चा प्रत्येक लहान विभाजक ३२ मध्ये बसतो आणि ३२व्या पावलाला तर १ नव्हे, उणे १ आला होता. आता फर्माचंच छोटं प्रमेय सांगतं की हे चक्र "मूळ संख्या उणे १" मध्ये पूर्ण पटीत बसायला हवं. म्हणून आपला अवयव ६४ च्या पटीपेक्षा एकाने मोठाच असणार. फर्माचा दावा त्याच्याच प्रमेयाने पाडावा, यात थोडी गंमत आहे.

यादी करा: ६५, १२९, १९३, २५७, ३२१, ३८५, ४४९, ५१३, ५७७, ६४१… यातल्या ६५, ३२१, ३८५ वगैरे संयुक्त संख्या गाळा. उरल्या १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१. यादी पुढेही जाते, पण आपलं काम या पहिल्या पाचांतच होणार आहे.

पायरी ४ : भागाकार न करता बाकी काढा

दहा अंकी भागाकार पाच वेळा करायचा नाही. २५६ पासून सुरुवात करून वर्ग करायचा, बाकी घ्यायची, पुन्हा वर्ग करायचा. २५६ म्हणजे २ चा ८वा घात. एकदा वर्ग केला की १६वा, दुसऱ्यांदा केला की ३२वा.

१९३ घेऊ. २५६ मधून १९३ गेले, ६३ उरले. ६३ चा वर्ग ३९६९. १९३ ने भागल्यावर बाकी १०९. १०९ चा वर्ग ११८८१, बाकी १०८. त्यात १ मिळवा, १०९. शून्य नाही, १९३ बाद. २५७ ला तर कागदही नको: २५६ म्हणजे उणे १, त्याचा वर्ग १, पुन्हा १, अधिक १ म्हणजे २. बाद. ४४९ ला शेवटी ३२५ उरतात, ५७७ ला २८८. हे दोन तुम्ही स्वतः करून पाहा, प्रत्येकी दोन मिनिटं लागतील.

आता ६४१. २५६ चा वर्ग ६५५३६. ६४१ × १०२ = ६५३८२, बाकी १५४. १५४ चा वर्ग २३७१६. ६४१ × ३६ = २३०७६, बाकी ६४०. अधिक १ म्हणजे ६४१, म्हणजेच शून्य. सापडला.

ज्यांना एवढीही आकडेमोड नको त्यांच्यासाठी आणखी एक वाट आहे, आणि ती मला सगळ्यात देखणी वाटते. ६४१ दोन प्रकारे लिहिता येतो: ५ × १२८ + १ आणि ६२५ + १६. पहिल्यावरून, ५ × १२८ ला ६४१ ने भागल्यावर उणे १ उरतो, म्हणून त्याच्या चौथ्या घाताला १. हा चौथा घात म्हणजे ६२५ गुणिले २ चा २८वा घात. दुसऱ्यावरून, ६२५ च्या जागी उणे १६ ठेवता येतात, आणि १६ म्हणजे २ चा चौथा घात. चार आणि अठ्ठावीस मिळून बत्तीस: २ च्या ३२व्या घातापुढे उणे लावून भागलं तर बाकी १. चिन्ह बदला आणि १ मिळवा, शून्य.

पायरी ५ : एकदाचा भागाकार

आता मात्र वहीवर भागाकार मांडाच. ४२९४ मध्ये ६४१ सहा वेळा, उरले ४४८. वरचा ९ खाली घ्या, ४४८९. सात वेळा, उरले २. पुढचा ६ घेतला, २६; भाग जात नाही, भागाकारात शून्य. पुढचा ७ घेतला, २६७. अजूनही जात नाही, आणखी एक शून्य. २ घेतला, २६७२. चार वेळा, उरले १०८. ९ घेतला, १०८९. एकदा, उरले ४४८. शेवटचा ७ घेतला, ४४८७. बरोबर सात वेळा, बाकी शून्य. उत्तर ६७००४१७.

मधली दोन शून्यं जपा. मी पहिल्यांदा हा भागाकार केला तेव्हा दोन्ही गिळून ६७४१७ उत्तर काढलं होतं आणि त्याचे अवयव पाडण्यात अर्धा तास घालवला. मग ताळा पाहिला. ६४१ ची अंकबेरीज ११, म्हणजे २. ६७४१७ ची २५, म्हणजे ७. दोन साते चौदा, म्हणजे ५, आणि पहिल्या पायरीत टिपलेली बाकीही ५. ताळा जुळला! अंकांची बेरीज शून्यं मोजतच नाही, त्यामुळे या चुकीवर नऊचा ताळा आंधळा आहे. चूक पकडली ती ढोबळ अंदाजाने: चार अब्जाला साधारण सहाशेने भागल्यावर साठ-सत्तर लाख यायला हवेत, साठ-सत्तर हजार नव्हे. दोन्ही तपासण्या करत जा.

पायरी ६ : उरलेला अवयव मूळ आहे का?

६७००४१७ चं वर्गमूळ २५८८ च्या जरा पुढे. त्याचा अवयव हा आपल्या मूळ संख्येचाही अवयव असणार, म्हणून चाळणी तीच, आणि आता ती आणखी बारीक करता येते. एदुआर लुका या फ्रेंच गणितज्ञाने १८७८ मध्ये दाखवलं की इथे ६४ ऐवजी १२८ ची पट धरता येते. ६४१ पेक्षा लहान उमेदवार आपण आधीच बाद केले आहेत, पण ६४१ स्वतः पुन्हा तपासायचा, हे विसरू नका; एकच अवयव दोनदा येऊ शकतो.

६४१ पासून २५६१ पर्यंत १२८ च्या टप्प्याने सोळा संख्या येतात. १५३७ दिसायला मूळ वाटतो, पण तो २९ × ५३ आहे. १७९३ म्हणजे ११ × १६३, १९२१ म्हणजे १७ × ११३, २१७७ म्हणजे ७ × ३११, २५६१ म्हणजे १३ × १९७. असे गाळत गेलं की चारच उरतात: ६४१, ७६९, ११५३, १४०९. यांनी ६७००४१७ ला भागल्यावर बाक्या येतात अनुक्रमे ४४, १२०, ३३४ आणि ६२२. एकही शून्य नाही. म्हणून ६७००४१७ मूळ, आणि

४२९४९६७२९७ = ६४१ × ६७००४१७

एवढ्यावर काम संपतं. इतर कुठल्याही जोडीने ही संख्या फुटत नाही.

पायरी ७ : आता बाकीचे गुणधर्म पटापट

विभाजक चारच: १, ६४१, ६७००४१७ आणि संख्या स्वतः. त्यांची बेरीज ६४२ × ६७००४१८ = ४३०१६६८३५६. संख्या स्वतः वगळली तर उरते ६७०१०५९, संख्येच्या मानाने अगदीच किरकोळ, म्हणून ही न्यून संख्या; परिपूर्ण (ही बेरीज नेमकी संख्येएवढी) असण्याचा प्रश्नच नाही. हिच्यापेक्षा लहान आणि हिच्याशी १ खेरीज सामाईक विभाजक नसलेल्या संख्या ६४० × ६७००४१६, म्हणजे ४२८८२६६२४०.

हर्षद संख्या आहे का? देवळालीला शाळेत शिकवणाऱ्या द. रा. कापरेकरांनी हे नाव दिलं: अंकांच्या बेरजेने जिला नि:शेष भाग जातो ती हर्षद. १७२९ ची अंकबेरीज १९, आणि १९ × ९१ = १७२९, म्हणून ती हर्षद. आपली अंकबेरीज ५९, ती वरच्या चार विभाजकांत नाही. म्हणून नाही. भागाकार न करता उत्तर मिळालं; अवयव एकदा हातात आले की असे प्रश्न बसल्या बसल्या सुटतात.

६४१ ची एक गंमत जाता जाता. १ ला ६४१ ने भागत गेलात तर दशांशचिन्हानंतर ००१५६००६२४०२४९६० हे सोळा अंक येतात, मग ९९८४३९९३७५९७५०३९ हे सोळा, आणि मग पुन्हा पहिल्यापासून. दोन्ही गट एकाखाली एक लिहून बेरीज करा. सोळा वेळा ९.

पायरी ८ : दोन वर्गांची बेरीज

४ ने भागल्यावर बाकी १ उरते हे आपण टिपलं होतं. अशी मूळ संख्या दोन वर्गांची बेरीज म्हणून एकाच प्रकारे लिहिता येते. आपल्या संख्येची एक मांडणी तर उघडच आहे: ६५५३६ चा वर्ग अधिक १ चा वर्ग. दुसरी सापडली तर ती संयुक्त असल्याचा स्वतंत्र पुरावाच मिळेल.

दुसरी शोधायला अवयव वापरा. ६४१ म्हणजे २५ आणि ४ यांच्या वर्गांची बेरीज. ६७००४१७ म्हणजे २५५६ आणि ४०९ यांच्या वर्गांची: ६५३३१३६ + १६७२८१. आता ब्रह्मगुप्ताची सातव्या शतकातली युक्ती: अशा दोन बेरजांचा गुणाकार पुन्हा दोन वर्गांची बेरीजच असतो, आणि तोही दोन तऱ्हांनी. २५ × २५५६ = ६३९०० आणि ४ × ४०९ = १६३६. यांची बेरीज ६५५३६, वजाबाकी ६२२६४. दुसरीकडे २५ × ४०९ = १०२२५ आणि ४ × २५५६ = १०२२४. यांची वजाबाकी १, बेरीज २०४४९.

६५५३६ आणि १ ही जुनी जोडी आपोआप बाहेर आली, आणि सोबत नवी: ६२२६४ चा वर्ग ३८७६८०५६९६, २०४४९ चा वर्ग ४१८१६१६०१. मिळवून पाहा, ४२९४९६७२९७. आणि २०४४९ हा स्वतःही १४३ चा वर्ग आहे!

एक सापळा

संख्या मूळ आहे का ते पाहायची एक झटपट चाचणी प्रसिद्ध आहे: २ चा "संख्या उणे १" एवढा घात घ्या, संख्येने भागा, बाकी १ आली तर संख्या बहुधा मूळ. आपल्या संख्येला ही चाचणी लावली तर बाकी १ येते, आणि ती चक्क मूळ म्हणून पास होते. कारण तिसऱ्या पायरीतच आहे. २ च्या बाक्यांचं चक्र ६४ चं, आणि संख्या उणे १ म्हणजे २ चा ३२वा घात, ज्याला ६४ ने भाग जाणारच. इथे २ ला साक्षीदार करण्यात अर्थ नाही, तो घरचाच माणूस. फर्मा संख्यांसाठी पेपँ या फ्रेंच गणितज्ञाने १८७७ मध्ये दिलेली चाचणी आज ३ हा पाया घेऊन करतात आणि तिथे ही संख्या पकडली जाते.

शेजाऱ्यांचं काय?

खालचा शेजारी, ४२९४९६७२९६, संगणकवाल्यांच्या रोजच्या ओळखीचा. इंटरनेटच्या जुन्या, चौथ्या आवृत्तीच्या पत्त्यांची एकूण संख्या एवढीच. द्विमान पद्धतीत आपली संख्या म्हणजे १, मग एकतीस शून्यं, मग १: एकूण तेहतीस अंक. संगणकाच्या ३२ बिटांच्या (म्हणजे ३२ द्विमान अंकांच्या) बिनचिन्ही कप्प्यात ती कोंबली तर पुढचा १ गळून पडतो आणि चार अब्जांच्या जागी नुसता १ उरतो.

त्याखालचा, ४२९४९६७२९५, म्हणजे ३ × ५ × १७ × २५७ × ६५५३७, पाचही फर्मा मूळ संख्यांचा गुणाकार. पट्टी आणि कंपास वापरून सतरा बाजूंची सुसम आकृती काढता येते हे गाउसने १७९६ मध्ये शोधलं. त्याच नियमाने विषम बाजूंची काढता येण्याजोगी, आज माहीत असलेली सगळ्यात मोठी आकृती ४२९४९६७२९५ बाजूंची आहे. आपली संख्या मूळ निघाली असती तर हा मान तिच्या एखाद्या पटीकडे गेला असता. ६४१ ने घात केला.

पुढची संख्या

रांगेत पुढे २ चा ६४वा घात अधिक १: १८४४६७४४०७३७०९५५१६१७. बुद्धिबळाच्या पटावरच्या गव्हाच्या दाण्यांची जी बेरीज गोष्टीत येते, तिच्यापेक्षा दोनने मोठी. वीस अंक कॅल्क्युलेटरवर मावत नाहीत, पण मावायची गरजही नाही. चाळणी आता २५६ च्या पटीची, आणि फ्रेंच गणितज्ञ लांद्री यांनी १८८० मध्ये शोधलेला अवयव २७४१७७ त्यात बसतो: २५६ × १०७१ + १.

तपासायचं असेल तर आपल्या संख्येचा खालचा शेजारीच कामाला येतो. ४२९४९६७२९६ ला २७४१७७ ने भागा. भागाकार १५६६४, बाकी २५८७६८. एवढ्या मोठ्या बाकीचा वर्ग करण्यापेक्षा ती २७४१७७ मधून वजा करा, १५४०९ उरतात. वर्गच करायचा असल्याने चिन्हाने फरक पडत नाही. १५४०९ चा वर्ग २३७४३७२८१. त्यात १ मिळवा, २७४१७७ ने भागा, आणि बरोबर ८६६ येतात का ते बघा.